सहाची पुणे गाडी

“आले बघ पुन्हा ते सायकलवाले. एकशे बारा डिग्री आहे बाहेर, आणि हे टाय लावून हिंडतायत. एक गोरा आहे, दुसरा मेक्सिकन दिसतोय. यांच्या आयांना काही वाटत नसेल का गं?”

मोबाइल खांद्यानं कानाशी दाबून धरलेली ती बाई पत्रपेटीतून कूपनांचा गठ्ठा ओढून काढत होती, आणि तिच्यापासून दोन हातांवर सुशांत उजागरे वाकून सायकलला कुलूप घालत होता. ॲरिझोनातल्या चँडलरच्या त्या वसाहतीत घराघराला वेगळी पत्रपेटी नव्हती. कोपऱ्यावर एकच लोखंडी कपाट आणि त्याला खण. त्या कपाटाच्या वीतभर सावलीत तो आणि त्याचा जोडीदार थांबले होते. तेवीस महिने झाले होते त्याला या मुलखात. तेवढ्या काळात मराठी त्याला भेटली ती नाताळला आणि मदर्स डेला फोनवर, परवानगीनं, आणि सोमवारच्या सोमवारी लायब्ररीच्या पडद्यावर, रोमन अक्षरांतली. अशी रस्त्यावर सांडलेली, तिसऱ्याच कुणासाठी असलेली मराठी त्याच्या कानावर पडली नव्हती. आणि पडली ती अशी. कुलपाचे चार आकडे तो रोज न बघता फिरवायचा. आता ते आठवेनात. ‘मी मेक्सिकन नाही हो काकू’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ती ओशाळली असती, मग हसली असती, कुठला रे तू म्हणाली असती. पण तो वाकलेलाच राहिला. तिनं तो प्रश्न फोनवरच्या बाईला विचारलेला नसून आपल्यालाच विचारला आहे असं त्याला वाटलं.

“काय म्हणाली ती?” टकरनं विचारलं. एल्डर टकर एकोणीस वर्षांचा, आयडाहोच्या बटाट्याच्या शेतावरचा, येऊन दीडच महिना झालेला. त्याची मान उन्हानं सोलून निघाली होती.

“ऊन फार आहे म्हणाली.”

“तुला स्पॅनिश येतं?”

“स्पॅनिश कुठलं येतंय मला.”

म्हटलं तर हे खोटं नव्हतं. खोटं न बोलता खरं चुकवायची कला या दोन वर्षांत त्याच्या हाताला चांगली बसली होती. दुसरं काही बसलं नसलं तरी.

मॉर्मन या अमेरिकन ख्रिस्ती पंथात पद्धतच आहे. मुलगा एकोणीस वर्षांचा झाला की दोन वर्षं घरदार सोडून धर्मप्रसाराला निघायचं. कुठं, ते वरून पत्र येईल तेव्हा कळायचं. छातीवर काळी पाटी आणि तिच्यावर आडनावाआधी ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा. मिसरूडही न फुटलेल्याला वडीलधारा म्हणायचं. जोडीदाराला आंघोळीपुरतं सोडलं तर नजरेआड होऊ द्यायचं नाही. चहा नाही, कॉफी नाही. पहिलं नाव कुणी घेत नाही. ते जणू विमानतळावर सामानाबरोबर ठेवून घेतात आणि परत जाताना देतात. आणि परत जाण्याला त्या मुलांच्या आपसातल्या बोलीत ‘मरणं’ म्हणतात. ज्याचे थोडे आठवडे उरले तो मरायला टेकला, आणि त्याचा शेवटचा जोडीदार तो त्याला मारणारा. “काय रे टकर, कसा मारणार आहेस याला?” असं कुणीही गाठ पडली की विचारायचं, आणि टकर कानापर्यंत लाल व्हायचा. सुशांतही हसायचा. वीस दिवस उरले होते. तिकीट आलं होतं: फीनिक्स, फ्रँकफर्ट, मुंबई. इतरांना मरणाच्या आधी घराची ओढ लागते, बॅगा लवकर भरल्या म्हणून त्यांना बोलणी खावी लागतात. सुशांतनं बॅग पलंगाखालून बाहेरही काढली नव्हती. सगळे म्हणत, बघा किती निष्ठा आहे. निष्ठा कसली. त्याला घरी जायची भीती वाटत होती.

कारण घरी गेल्यावर येणारा पहिला रविवार. पुण्यातल्या मंडळीचा तो भाड्याचा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, इनमिन तीसेक माणसं, समोर स्टँडवर माइक. पहिल्या रांगेत आई, तिच्या निळ्या साडीत. आणि माइकपाशी जाऊन त्यानं म्हणायचं, मला ठाऊक आहे की हे खरं आहे. ‘वाटतं’ म्हणायची सोय नाही, ‘ठाऊक आहे’ असंच म्हणायचं असतं. ते वाक्य दोन वर्षांत त्यानं रोज पाचसहादा तरी म्हटलं होतं. दारं उघडणाऱ्यांना, दारं मिटणाऱ्यांना, एकदा तर आतून फक्त कुत्रा भुंकत होता तिथंही. चौदाव्या महिन्यात, मेसामधल्या एका लाँड्रीत, काचेच्या गोल खिडकीआड आपले पांढरे शर्ट गरगरताना पाहत असता त्याच्या ध्यानात आलं होतं की आपल्याला काही ठाऊक नाही. फार काही झालं नाही. वीज पडली नाही, रडू आलं नाही. देव नसेल असंसुद्धा वाटलं नाही. एवढंच वाटलं की इतके दिवस मीच बोलतोय. पलीकडून कुणी हूं म्हणालेलं नाही, आणि ते ‘हूं’देखील मीच म्हणत होतो. मग यंत्र थांबलं. त्यानं शर्ट काढले, घड्या घातल्या आणि त्यांतला एक घालून संध्याकाळी एका कुटुंबाला सांगितलं की मला ठाऊक आहे.

हे कुणाला सांगायचं? टकरला सांगितलं तर पोरगं रात्रभर गुडघ्यांवर बसेल. वरच्यांना सांगितलं तर तिकीट बदलेल, आणि मुलगा मध्येच परत आला हे आईला कळेल. आईला. सगळं येऊन तिथंच थांबायचं. तिनं याच्यासाठी चहा सोडला होता.

लोकांना हे विनोदी वाटेल. पण नगरच्या त्या दोन खोल्यांत दिवसाला चार वेळा चहा व्हायचा, आणि चारही वेळा तो रेखाबाई उजागरे करायच्या. बाबा मिशनच्या शाळेतून मास्तर म्हणून रिटायर झालेले, रविवारी जुन्या चर्चमध्ये पेटी वाजवायचे. पणजोबांपासूनचं ते चर्च. दुष्काळात पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा अमेरिकेतून माणसं समुद्र ओलांडून आली होती, गावाबाहेरच्यांना सांगायला, की या, आत या, इथं उंबरा नाही. घराण्याचा देव ठरलेला होता, गाणी ठरलेली होती, मागून तिसरं बाकही ठरलेलं होतं. आणि सुशांत पुण्याला डिप्लोमाला गेला तो हॉस्टेलवरच्या एका मुलाबरोबर शनिवारी इंग्लिश शिकायला म्हणून त्या हॉलमध्ये जाऊ लागला. तिथं त्याला कुणी गावाकडचा म्हटलं नाही. त्याला नावानं विचारत, बास्केटबॉल खेळवत. पावसाळा संपायच्या आत त्यानं नवा बाप्तिस्मा घेतला. घरी सांगितलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “बरं. पेटीला काही दोघं लागत नाहीत.” पुढच्या रविवारी आई पहाटेच उठून तयार झाली. “बघू तरी तुझी माणसं,” म्हणाली. तेव्हापासून दर रविवारी सहाची पुणे गाडी. तो शनिवारी घरी यायचा तेच तिला घेऊन जायला. माळीवाडा स्टँड, डावीकडची सीट, तिच्या पिशवीत दोघांचे डबे. दोन महिन्यांनी ती पाण्यात उतरली, वर आली तेव्हा तिचे पांढरे कपडे अंगाला चिकटले होते आणि ती थंडीनं की कशानं कापत होती, आणि सुशांतला वाटलं होतं की एवढा आनंद मी कुणालाच दिलेला नाही. सोमवारी तिनं चहाचा डबा बाबांच्या हाती दिला. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा चहा केला. तो उतू गेला.

पत्र आलं तेव्हा मंडळीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भारतातल्या मुलांना सहसा भारतातच ठेवतात, हा थेट ॲरिझोनाला. सुशांतच्या मनात तेव्हाही धुकधुक होती. जावं का? त्यानं आईकडे पाहिलं. ती हसत होती, डोळे भरून आले होते. मग न जाऊन कसं चालेल?

पत्रपेटीच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता. लायब्ररीत अर्धा तास मिळायचा. आईची मेल सायबर कॅफेत जाऊन रेणू टाइप करायची, त्याची मामेबहीण. आई सांगणार, ती लिहिणार. तब्येती बऱ्या आहेत, मोरी दुरुस्त करून घेतली, बाबांचा गुडघा. आणि मग सरळच: काल संध्याकाळी बाबांबरोबर चहा घेत बसले होते तेव्हा तुझाच विषय निघाला, आता तीनच आठवडे.

पडद्याच्या कोपऱ्यात मिनिटं उतरत होती. त्यानं ते वाक्य पुन्हा वाचलं. रेणूनं आपल्या मनानं लिहिलं असेल. पोरींना सवयच असते, बसले म्हटलं की चहा आलाच. नाहीतर आईनं गवती चहा घेतला असेल. किंवा बाबा घेत होते आणि ती नुसती समोर बसली होती. किंवा ती आजारी आहे आणि डॉक्टरांनी, पण कुठला डॉक्टर चहा प्यायला सांगतो? मे महिन्यात फोनवर ती फार थोडं बोलली होती. “मंडळीत सगळे कसे आहेत?” असं त्यानं विचारलं तर म्हणाली, “असतील की बरे.” तेव्हा त्याला वाटलं होतं, लाइन खराब आहे. आता ‘असतील’ हा शब्द दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा छळू लागला. त्यानं उत्तर लिहायला घेतलं: आई, तू चहा. मग ते खोडलं. मी बरा आहे, इथं ऊन फार आहे, काम चांगलं चाललंय, मला ठाऊक आहे की हे खरं आहे, असं लिहिलं आणि वेळ संपला.

पत्रपेटीपाशी भेटलेल्या त्या बाईच्या दारावर ते बुधवारी गेले. सुशांतनं टाळलं असतं, पण टकरनं ती अख्खी गल्ली नकाशावर रंगवून ठेवली होती. तिनं दार उघडलं, आणि थंड हवेबरोबर आतून फोडणीचा वास बाहेर आला. हिंग, मोहरी, कढीपत्ता. सुशांत तो वास घेत राहिला, आणि पाठ केलेलं पहिलं वाक्य टकरलाच म्हणावं लागलं. तिनं ते निम्मं ऐकलं, “नो, थँक यू” म्हणायला तोंड उघडलं, आणि तिची नजर काळ्या पाटीवर गेली.

“उजागरे?” ती म्हणाली. “उजागरे म्हणजे... नगरचे?”

“हो, काकू.”

तिचा हात तोंडावर गेला. “अगं बाई. त्या दिवशी तू तिथं... तुला सगळं कळलं असेल.”

“ऊन फारच होतं त्या दिवशी,” सुशांत म्हणाला.

ती खळखळून हसली. नीलांबरी काकू नगरच्याच निघाल्या, सावेडीच्या. नवरा चिप बनवणाऱ्या कंपनीत, मुलगा सत्यजित लांब शिकागोजवळ, शॉमबर्गला नोकरीला. “आम्हाला शिवण शिकवायला उजागरे बाई होत्या, तुझ्या कोण? आत्या? बघ! नेफ्याची शिलाई वाकडी आली की हातावर पट्टी. आत ये, आत या दोघंही. ये रे बाळा, उन्हात काय उभा राहिलास.”

आणि इथं सुशांतचा पाय अडला. नियम असा की घरात पुरुषमाणूस नसेल तर आत जायचं नाही. इंग्रजीत तो दिवसातून दहादा सांगायचा, कुणाला काही वाटायचं नाही. पण आत्याच्या विद्यार्थिनीला, आईच्या वयाच्या बाईला, मराठीत, काका घरात नाहीत म्हणून मी येत नाही? त्या वाक्याला मराठीत असा काही वास यायला लागला की ते त्याच्या जिभेवर येईना. “इथंच बरं आहे, काकू,” तो म्हणाला. “आम्ही बाहेरच बसतो.” आणि दाराबाहेरच्या पायरीवर बसलासुद्धा.

काकूंचा चेहरा बदलला. त्या पायरीवरच्या उजागऱ्याकडे पाहत राहिल्या, आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते सुशांतला छापल्यासारखं वाचता आलं. “अरे, तसलं काही आम्ही मानत नाही हो,” त्या घाईघाईनं म्हणाल्या. “माझ्या माहेरीसुद्धा नव्हतं. म्हणजे आजीच्या वेळी असेल. पण इथं अमेरिकेत कसलं आलंय...”

“तसं नाही, काकू.”

“मग आत ये.”

“नाही येता येत.”

त्या आत गेल्या. दहा मिनिटांनी दोन कागदी पेले घेऊन आल्या, वाफाळता चहा, वेलदोडा घातलेला. पेले पुढं केले आणि त्यांचं त्यांनाच ते दिसलं: दाराबाहेर बसवलेला मुलगा आणि त्याच्या हातात फेकून द्यायचा पेला. “थांब थांब,” म्हणत त्या उलट पावली गेल्या, कपबशी घेऊन आल्या, निळ्या फुलांची, ठेवणीतली. डोळ्यांत पाणी होतं. “घे.”

“चहा आम्हाला चालत नाही, काकू.”

एवढा अपमान त्या घराचा कुणी केला नसेल. टकर दोघांकडे आळीपाळीनं पाहत होता; बाईच्या डोळ्यांत पाणी पाहून त्याला आशा वाटू लागली होती. पणजोबांना अमेरिकेतून येऊन लोकांनी सांगितलं होतं की इथं उंबरा नाही. आणि त्यांचा पणतू अमेरिकेत येऊन उंबऱ्याबाहेर बसला होता, आपल्या मर्जीनं, आणि हाताशी आलेली कपबशी नको म्हणत होता. कपावर साय धरायला लागली. आईच्या चहावर अशीच धरायची. ती बोटानं बाजूला करायची आणि बोट चाखायची. सुशांतनं मान खाली घातली. “पाणी द्या ना,” तो म्हणाला. पाणी तो तीन पेले प्यायला. त्यातून काकूंची थोडी समजूत पटली.

नंतर नियम एकदाचा कळला तेव्हा काकू एवढ्या हसल्या की त्यांना पदर नसताना पदर शोधावा लागला. “शहाण्या, तेवढं बोलायला काय झालं होतं? श्रीरामला सांगते, तुझ्यावाचून घरात पोरं येत नाहीत.” आणि मग श्रीराम काका लवकर घरी येऊ लागले. पिठलं-भात, थालीपीठ, टकरला बिनतिखटाचं. टकर त्यांना धडे द्यायचा, सुशांत लागेल तिथं मराठी करायचा. काकू हनुवटीखाली हात ठेवून ऐकायच्या, डोळे सुशांतच्या ताटाकडे. टकरला वाटायचं, चमत्कार. त्याच्या डायरीत नीलांबरी काकूंच्या नावापुढं त्यानं तारीख लिहिली होती, बाप्तिस्म्याची, सुशांतच्या जायच्या आदल्या दिवशीची. दोन वर्षांत सुशांतच्या हातून एकही झाला नव्हता, आणि मरणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही असा त्या पोराचा हट्ट. काकूंना त्यातलं काही नको होतं हे सुशांतला पहिल्या घासाला कळलं होतं. त्यांना ताटावर बसलेलं कुणीतरी हवं होतं. सत्यजितला फोन केला की तो म्हणायचा, “मॉम, आय विल कॉल यू लेटर,” आणि ते लेटर येत नसे. सुशांत हे टकरला सांगत नव्हता. काकूंना तारखेचं सांगत नव्हता. जेवत होता.

एकदा वाढता वाढता त्यांनी विचारलं. आवाज तोच, आणखी भात देऊ का विचारतानाचा. “तुझा तरी विश्वास आहे का रे यावर?”

कढईत उलथनं वाजलं. टकरनं कान टवकारले. सुशांतला उत्तर ठाऊक होतं, ते मराठीत असणार होतं, आणि मराठीत ते त्यानं स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं.

“काय विचारतायत त्या?”

“प्रार्थना कशी करायची, विचारतायत,” सुशांत म्हणाला.

टकर उजळला. त्यानं हात जोडून कसं बसायचं ते दाखवलं. काकूंनीही दाखवल्यासारखं केलं, पण त्या सुशांतकडे पाहत होत्या. “बरं बरं,” त्या म्हणाल्या. “जेव.”

त्या रात्री की दुसऱ्या, पलंगावर पडल्या पडल्या त्यानं ठरवून टाकलं. सोपं होतं. आईला कधीच सांगायचं नाही. दर रविवारी सहाची गाडी, तिच्या शेजारची सीट, हॉल, माइक, मला ठाऊक आहे. ती असेपर्यंत. आई पन्नाशीची; म्हणजे तीस वर्षं. लोक तीस वर्षं नावडती नोकरी करतात, नावडता संसार करतात. यात काय एवढं. लग्न त्याच मंडळीतल्या मुलीशी होईल, तिलाही सांगायचं नाही. मग मुलं. वरच्या खाटेवर टकर झोपेत काहीतरी बडबडला. सुशांत छताकडे पाहत राहिला. यात रडण्यासारखं काही नव्हतं. पुढचा रस्ता दिसत होता एवढंच, आणि तो शेवटपर्यंत सारखाच होता, या गावच्या रस्त्यांसारखा, सरळ, दोन्ही बाजूंना रंगवलेली खडी. आणि तो चहाचा कप? तो रेणूचा होता. त्यानं तसं ठरवलं.

शेवटचा शनिवार आला. तिकीट गुरुवारचं. संध्याकाळी सव्वासहाला ते दोघे काकूंकडे पोचले तेव्हा दक्षिणेकडे धुळीची भिंत उठली होती, तपकिरी, आभाळाच्या निम्म्यापर्यंत, अजून लांब. काकूंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. आज टकर तारखेचं बोलणार होता. दुपारपासून तो आरशासमोर वाक्य घोकत होता. पण त्यानं बसायच्या आत काकूंनी नवऱ्याला डोळ्यानं काहीतरी खुणावलं आणि श्रीराम काका उठले. “कम, यंग मॅन. धूळ यायच्या आत तुला आमचं कढीपत्त्याचं झाड दाखवतो. मुलासारखं वाढवलंय. मुलापेक्षा बरं वाढलंय.” ते टकरला काचेच्या दारातून मागच्या अंगणात घेऊन गेले. काचेतून दोघं दिसत होते. नजरेआड कुणी नव्हतं. नियमाला बोट लावायला जागा नव्हती.

काकूंनी टेबलावर कॉर्डलेस फोन ठेवला. “आईचा नंबर सांग.”

“काकू, परवानगी नाही.”

“माझी आहे. माझ्या घरात माझी चालते. पत्रपेटीपाशी मी काय बोलले ते मला झोपू देत नाही. तुझ्या आईला मला सांगायचंय की पोर जेवतंय.”

“गुरुवारी तर निघतोच आहे.”

“निघालास तरी शनिवार उजाडेल घरी. नंबर सांग.”

सुशांतनं घड्याळ पाहिलं. साडेसहा. म्हणजे नगरला सकाळचे सात. रविवार. त्याचा जीव भांड्यात पडला. “आत्ता ती नसेल, काकू. रविवारी सहाच्या गाडीनं पुण्याला जाते ती. आत्ता शिरूरच्या आसपास असेल.”

“मग बाबा असतील. सांग.”

बाबाही पेटी काढायला गेले असतील, घर रिकामं असेल, फोन कुणी उचलणार नाही. म्हणजे देऊन टाकायला हरकत नाही. त्यानं नंबर सांगितला. काकूंनी फोनकार्डावरचे लांबलचक आकडे दाबले, मग नगरचे, आणि फोन त्याच्या हातात देऊन पाठमोऱ्या झाल्या, तव्याकडे. पलीकडे घंटा वाजू लागली. रिकाम्या घरात वाजते तशी. दोन खोल्या, कपाटावरची छत्री, मोरीचा नवा सिमेंटचा वास, कुणी नाही. चार. पाच. काचेबाहेर टकर झाडाचं एक पान चुरडून हुंगत होता. सहा.

“हॅलो?”

त्यानं फोन कानापासून दूर केला, पाहिला, पुन्हा कानाला लावला.

“हॅलो? कोण बोलतंय?”

“आई?”

“सुशांत!” आणि लगेच, घाबरून, “काय झालं? बरा आहेस ना? फोन कसा केलास तू? तुम्हाला तर...”

“बरा आहे. काही झालं नाही. आई, तू घरी कशी?”

तिच्यामागं कपबश्या वाजल्या. मग कुठून तरी लांबून, स्पष्ट, चर्चची पहिली घंटा. तीच, मागून तिसऱ्या बाकाची. बाबांचा आवाज आला, चपला शोधताना येतो तसा वाकलेला. “रेखा, तुझा निवतोय बघ. पिऊन घे, उशीर होईल आपल्याला.”

आपल्याला.

“आज रविवार ना,” सुशांत म्हणाला. आपला आवाज त्याला शाळेतल्या पोरासारखा ऐकू आला. “सहाची गाडी?”

“हो. नाही. आज जरा बरं नव्हतं,” आई म्हणाली. बाहेर धुळीची भिंत शेजारच्या छपरापर्यंत आली होती, उजेड पिवळा पडला होता, आणि श्रीराम काका टकरला घाईनं हातानं धरून दाराकडे आणत होते. काकूंनी पोळी उलटली नाही. ती जळत होती. “मग मंडळीत निरोप दिलास का?” असं विचारता आलं असतं. “काळजी घे, पुढच्या रविवारी जाऊ दोघं,” असं म्हणता आलं असतं, आणि तिनंही हो म्हटलं असतं, आणि पुढच्या रविवारी ती पहाटे उठली असती, निळी साडी, दोन डबे, डावीकडची सीट, तीस वर्षं. ती तयार होती. त्याला तिच्या श्वासावरून कळलं की ती तयार आहे, तो म्हणेल तितकी वर्षं. आणि त्याला आठवलं की पाण्यातून वर आली तेव्हा ती कापत होती.

“आई,” तो म्हणाला, “चहा घे आधी. निवेल.”

पलीकडे बशीत कप ठेवल्याचा आवाज झाला. काचेचं दार सरकलं आणि वाऱ्याबरोबर धूळ स्वयंपाकघरात शिरली, टकर डोळे चोळत हसत काहीतरी सांगू लागला.

“मला ते कधी पटलंच नव्हतं, बाळा,” आई म्हणाली. “तू एकटा पडशील म्हणून आले होते मी.”